ब्रह्मा कोंबडी: नाव नदीचे, पाय शांघायचे, तुरा चितगावचा

प्रदर्शनासाठी कोंबड्या पाळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये ‘ब्रह्मा’ या जातीचा मान मोठा आहे. फिक्या ब्रह्मा प्रकारातील पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचे प्रमाण वजन १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, आणि कोंबडीचे साडेनऊ पौंड धरले जाते. अंग शुभ्र, मानेवरच्या पिसांत काळ्या रेघा, शेपूट काळे, पायांच्या नळ्यांवर आणि बाहेरच्या बोटावर दाट पिसे, कपाळ डोळ्यांवर पुढे आलेले, आणि एवढ्या प्रचंड देहावर मात्र अगदी बुटका, डोक्याला चिकटून बसलेला तुरा. हा पक्षी कुठला, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाद चालू आहे. वादात उतरलेल्यांनी नाविकांच्या कहाण्या, प्रदर्शनांचे अहवाल, कवटीची हाडे आणि एकमेकांची चारित्र्ये असे सर्व काही तपासले. तुऱ्याकडेही त्यांनी पाहिले, पण तो तुरा काय सांगतो हे समजण्यासाठी लागणारे शास्त्र तेव्हा जन्माला आलेले नव्हते. ते शास्त्र हाती आल्यावर दोन्ही प्रमुख पक्ष एकाच पुराव्याने अर्धे खरे आणि अर्धे खोटे ठरतात, असे येथे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी सर्वज्ञात असल्याने ती थोडक्यात सांगता येते. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली आणि पाळणाऱ्यांची चुरस आखाड्यातून प्रदर्शनाच्या पिंजऱ्याकडे वळली. १८४२ च्या नानकिंग तहाने शांघाय बंदर खुले झाले आणि तेथील थोराड, पिसेदार पायांच्या कोंबड्या जहाजांतून पश्चिमेकडे जाऊ लागल्या. व्हिक्टोरिया राणीच्या पक्षिशाळेत अशा कोंबड्या दाखल होताच त्या पाळणे प्रतिष्ठेचे झाले. नोव्हेंबर १८४९ मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक उद्यानात अमेरिकेतील पहिले मोठे कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, त्यात १,४०० हून अधिक पक्षी मांडले गेले आणि ते पाहण्यास हजारोंची गर्दी लोटली. पुढील पाच-सहा वर्षे अमेरिकेत जो उन्माद चालला त्याला ‘कोंबडीज्वर’ असे नाव पडले. सर्कसवाला म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या बार्नमने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या संग्रहालयात कोंबड्यांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरवले, आणि हर्मन मेलव्हिलसारख्या कादंबरीकाराने १८५३ मध्ये एका शांघाय कोंबड्याला कथेचा नायक केले, यावरून त्या ज्वराचे तापमान कळावे.

या धांदलीत नावांचा जो गोंधळ माजला तो मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण कोंबडी विकणाऱ्याच्या हाती तेव्हा वंशावळीचा कागद नसे आणि दूरच्या बंदराचे नाव हीच तिची वंशावळ ठरे. शांघायहून आलेल्या कोंबड्यांना इंग्लंडमध्ये ‘कोचीन-चायना’ म्हटले गेले, वास्तविक त्यांचा ना व्हिएतनामच्या त्या प्रदेशाशी संबंध होता, ना केरळातील कोचीनशी. त्या नावाची वंशावळही गमतीची आहे: चिनी ‘ज्याओची’ या प्रदेशनामाचे मलाय रूप पोर्तुगीजांच्या कानावर ‘कोची’ असे पडले, आणि गोव्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या पोर्तुगीजांना मलबारातील कोची आधीच ठाऊक असल्याने घोटाळा टाळण्यासाठी त्यांनी नव्या नावाला ‘चीन’ची जोड दिली, असा बहुमान्य उलगडा आहे. पुढे कोंबडीवाल्यांनी ही जोड काढून टाकली आणि जातीचे नाव नुसते ‘कोचीन’ ठेवले, म्हणजे जो घोटाळा टाळण्यासाठी खटाटोप झाला होता तोच पुन्हा उभा राहिला.

ब्रह्माची गत याहून वाईट होती. एकाच प्रकारच्या करड्या-पांढऱ्या पक्ष्याला १८५० च्या सुमारास डझनभराहून अधिक नावे होती. कोणी त्याला ‘करडा चितगाव’ म्हणे, कोणी ‘करडा शांघाय’, तर कोणी ‘ब्रह्मपुत्रा’, आणि या शेवटच्या नावाची रोमन लिपीतील वर्तणी प्रत्येक विक्रेत्यागणिक बदलत असे. यांपैकी कोणते नाव खरे, या प्रश्नाभोवती दोन कहाण्या उभ्या राहिल्या.

पहिली कहाणी कनेक्टिकट राज्यातील आहे. तिच्यानुसार सप्टेंबर १८४६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात लागलेल्या एका जहाजावर मोठ्या कोंबड्यांच्या तीन जोड्या असल्याची वर्दी एका खलाशाने आणली. चेंबरलिन नावाच्या गृहस्थाने त्याला पैसे देऊन त्यांतील एक फिक्या करड्या रंगाची जोडी आणवली, आणि त्या जोडीची पिल्ले पुढील वर्षी निघाली. ही हकिगत व्हर्जिल कॉर्निश नावाच्या पाळणाऱ्याने वीसएक वर्षांनंतर लिहून कळवली आणि लुईस राइट या इंग्रज लेखकाने १८७० मध्ये केवळ ब्रह्मा जातीवर लिहिलेल्या ग्रंथात तिला मुख्य आधार मानले. जहाज कोठून आले, याचे उत्तर या कहाणीत ‘लकीपूर’ असे आहे, आणि हे लकीपूर ब्रह्मपुत्रेवर असल्यामुळे पक्ष्याला नदीचे नाव दिले गेले, असा खुलासा आहे.

या लकीपूरला काल्पनिक ठरवून हसणारे टीकाकार पुष्कळ झाले, परंतु ते हसू अज्ञानाचे आहे. लकीपूर म्हणजे बंगालमधील, आजच्या बांगलादेशातील, लक्ष्मीपूर. ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार तेथे होती आणि अठराव्या शतकातील इंग्रजी नकाशांत ते ठळकपणे दाखवलेले आहे. लक्ष्मीपूर ज्या मेघनेच्या मुखाजवळ वसले आहे तिच्यातून ब्रह्मपुत्रेचे पाणी समुद्राला मिळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मपुत्रेने आपला मुख्य प्रवाह पश्चिमेला वळवला, तरी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मार्गांचे पाणी शेवटी याच मुखाशी येते, त्यामुळे ‘ब्रह्मपुत्रेवरचे लकीपूर’ हे वर्णन भूगोलाच्या दृष्टीने ढिले असले तरी खोटे नाही. चितगाव तेथून आग्नेयेला फार दूर नाही. कनेक्टिकटच्या एखाद्या शेतकऱ्याने गंमत म्हणून नाव रचायचे ठरवले असते तर त्याने कलकत्ता किंवा दिल्ली निवडली असती. लक्ष्मीपूर त्याला सुचण्याचे कारण नाही. खलाशाने ते नाव कोणाकडून तरी ऐकले असले पाहिजे.

मात्र अमेरिकन जहाज थेट लक्ष्मीपुराहून आले, हे मान्य करणे अवघड आहे. बंगालशी अमेरिकनांचा व्यापार कलकत्त्यामार्गे चाले, आणि त्यात बॉस्टनचा वाटा मोठा होता, कारण फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतील बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला आणि तो यशस्वीपणे विकला. पुढे हाच बर्फ मुंबईतही येऊ लागला. लांबच्या सफरीवर ताज्या मांसासाठी जिवंत कोंबड्या घेतल्या जात, आणि त्यांतून उरलेल्या दोन-चार पक्ष्यांचे घरच्या बंदरात पैसे करणे हा खलाशांचा जुना जोडधंदा होता. चेंबरलिनच्या खलाशाने आणलेली जोडी पूर्व बंगालमधील थोराड कोंबड्यांपैकी असावी आणि ती कलकत्त्याच्या बाजारातून जहाजावर चढली असावी, हा तर्क या सर्व परिस्थितीशी जुळतो.

दुसरी कहाणी सांगणारा जॉर्ज बर्नहॅम हा बॉस्टनजवळचा कोंबड्यांचा व्यापारी होता. डिसेंबर १८५२ मध्ये त्याने नऊ उत्तम करडे पक्षी व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून पाठवले, त्याबद्दल राणीकडून तिचे चित्र परतभेट मिळवले आणि या गौरवाची जाहिरात इतक्या कौशल्याने केली की त्याच्या कोंबड्यांच्या किमती अनेक पटींनी वाढल्या. १८५५ मध्ये, ज्वर ओसरताच, त्याने त्याच ज्वराची टर उडवणारे विनोदी पुस्तक लिहिले आणि ज्या गिऱ्हाइकांना आपण गंडवले त्यांच्याच गमती सांगून पुन्हा पैसे कमावले. ब्रह्मपुत्रा हे नाव म्हणजे शुद्ध थोतांड आहे, हे पक्षी शांघायचेच आहेत आणि आपण स्वतःच त्यांची पैदास केली, असा त्याचा दावा होता. त्या नावाचे विडंबन करण्याची एकही संधी त्याने सोडलेली नाही. लबाडीची कबुली देणारा माणूस निदान त्या कबुलीत तरी खरे बोलत असेल, अशा समजुतीने पुढील अनेकांनी बर्नहॅमवर विश्वास ठेवला. परंतु ज्याला जातीचा जनक म्हणून मान हवा आहे तो प्रतिस्पर्ध्याची परदेशी वंशावळ नाकारणारच, तेव्हा त्याची साक्षही निःस्वार्थ म्हणता येत नाही.

इंग्लंडमध्ये विल्यम टेगेटमायर या निसर्गअभ्यासकाने वेगळी बाजू घेतली. कबुतरे आणि कोंबड्यांच्या बाबतीत डार्विनला माहिती पुरवणारा हा माणूस. त्याच्या १८६७ च्या ग्रंथात ब्रह्माचा भारतीय उगम नाकारलेला असून चितगाव आणि शांघाय पक्ष्यांच्या अमेरिकेतील संकराकडे कल आहे. राइटने हे मत मोडून काढण्यासाठी पानेच्या पाने खर्च केली. त्याचा आग्रह असा की एवढी ठाशीव लक्षणे असलेली जात काही वर्षांच्या संकरातून निपजणे शक्य नाही, ती मुळातच शुद्ध असली पाहिजे. राइट हा अत्यंत साक्षेपी लेखक होता, पण या ठिकाणी आवडत्या पक्ष्याच्या कुलशीलाची काळजी त्याच्या तर्कावर मात करून गेली.

आता तुऱ्याकडे वळता येईल. कोंबड्यांचे तुरे अनेक प्रकारचे असतात. गावरान कोंबडीच्या डोक्यावर जो करवतीच्या पात्यासारखा उभा, दातेरी तुरा दिसतो तो ‘एकेरी’; रुंद, खडबडीत आणि मागे निमुळता होत जाणारा तो ‘गुलाब तुरा’; आणि तीन बुटक्या समांतर ओळींत बारीक दाणे बसवल्यासारखा दिसणारा तो ‘वाटाणा तुरा’. ब्रह्माचा तुरा वाटाणा जातीचा आहे. हाच तुरा भारतातील असील या झुंजार जातीत आढळतो आणि चितगावच्या उंच, उघड्या पायांच्या कोंबड्यांतही तुरा असाच बुटका असे. याउलट शांघायहून आलेल्या पक्ष्यांपासून सिद्ध झालेल्या कोचीन जातीचा तुरा एकेरी, आणि १८७२ मध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळून इंग्लंडला आलेल्या लँगशान जातीचा तुराही एकेरीच.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी केंब्रिजच्या विल्यम बेटसनने याच तुऱ्यांवर प्रयोग केले. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांत शोधलेले आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे १९०२ मध्ये दाखवून देणाऱ्या पहिल्या पुराव्यांत कोंबड्यांचे तुरे होते. पुढे त्याने आणि त्याचा सहकारी पनेट याने गुलाब तुरा व वाटाणा तुरा यांच्या संकरातून अक्रोडासारखा तिसराच तुरा निघतो हे दाखवले. प्रस्तुत वादासाठी त्यातील दोनच निष्कर्ष पुरेसे आहेत. वाटाणा तुरा हा एकेरी तुऱ्यावर प्रभावी असतो, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून जरी त्याचा घटक आला तरी पिलाच्या डोक्यावर तो दिसतो. आणि एकेरी तुऱ्याच्या दोन पक्ष्यांपासून वाटाणा तुऱ्याचे पिलू निघत नाही. २००९ मध्ये या घटकाची जनुकीय ओळखही पटली: सॉक्स-५ नावाच्या जनुकातील एक तुकडा पुन्हा पुन्हा नकलला गेल्याने हा तुरा बनतो, आणि तपासलेल्या वेगवेगळ्या वाटाणा-तुरा जातींत हाच एक बदल आढळला. म्हणजे हा तुरा जागोजागी नव्याने उपजलेला नाही. तो एकदा झाला आणि रक्ताबरोबर पसरला.

या प्रकाशात बर्नहॅमचा दावा टिकत नाही. ब्रह्मा निव्वळ शांघायी असता तर त्याच्या डोक्यावर वाटाणा तुरा यायला वाटच नव्हती. मात्र हीच साक्ष राइटलाही उलटी पडते. प्रारंभीच्या प्रदर्शनांत ब्रह्मा पक्षी दोन्ही तुऱ्यांचे असत, आणि वाटाणा तुऱ्याच्या जोडीपासूनही एकेरी तुऱ्याची पिल्ले निघत, ही पाळणाऱ्यांची नित्याची तक्रार होती. राइट याला निष्काळजी पैदाशीचा दोष मानतो. वास्तविक वाटाणा तुऱ्याच्या आड एकेरी तुऱ्याचा घटक दडून राहतो आणि तसे दोन पक्षी एकत्र आले की चारांपैकी सरासरी एका पिलात तो उघडा पडतो. जात मुळातून शुद्ध असती तर दडायला तो घटक असताच कुठे? लक्ष्मीपूरच्या पाहुण्यांच्या घरात शांघायचे रक्त फार लवकर, बहुधा १८४७ ते १८५० या तीन-चार हंगामांतच, मिसळले गेले असले पाहिजे. पिसेदार पाय, अंगाचा फुगीर पिसारा आणि तपकिरी अंडे हा शांघायचा वाटा; बुटका तुरा आणि पुढे आलेले कपाळ हा बंगालचा. टेगेटमायरचा कल बरोबर होता, पण तो कवट्या मोजत बसला आणि खरा दस्तऐवज कवटीच्या वर होता.

यावर एक आक्षेप संभवतो. वाटाणा तुरा एकाच ठिकाणी उपजून पसरला असेल, तर तो आशियातल्या आशियात व्यापारी मार्गांनी शांघायपर्यंतही पोहोचला नसेल कशावरून? आक्षेप वाजवी आहे, आणि बर्नहॅमचे पाठीराखे त्याचाच आश्रय घेतील. परंतु शांघाय आणि त्याच्या परिसरातून पश्चिमेत गेलेल्या दोन्ही नामांकित जाती एकेरी तुऱ्याच्या निघाव्यात आणि फक्त तिसऱ्या, जिच्या नावावर पहिल्यापासून चितगावचा आणि बंगालच्या नदीचा शिक्का आहे, तिच्यातच वाटाणा तुरा सापडावा, हा योगायोग मानण्यापेक्षा सरळ अर्थ स्वीकारणे अधिक शहाणपणाचे आहे.

मग ‘चितगाव’ हे तुलनेने प्रामाणिक नाव मागे पडून ‘ब्रह्मपुत्रा’ का जिंकले? चितगाव या नावाच्या उघड्या पायांच्या कोंबड्या अमेरिकेत आधीच ओळखीच्या होत्या आणि ओळखीच्या मालाला ज्वरातला भाव मिळत नसे, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण नाव रुजवणाऱ्या माणसात आहे. ज्या डॉक्टर जॉन बेनेटने १८४९ चे बॉस्टन प्रदर्शन भरवले, त्यानेच हे नाव लावून धरल्याचे बर्नहॅम सांगतो. हा बेनेट इलिनॉयमधील नॉवू या मॉर्मन पंथीयांच्या नगराचा महापौर होता, पंथातून बाहेर पडल्यावर १८४२ मध्ये त्याने त्या पंथाच्या विरोधात पुस्तक लिहिले, त्याच्याही आधी टोमॅटो हे औषध आहे असा प्रचार केला होता, आणि शेवटी कोंबड्यांकडे वळून १८५० मध्ये त्यांवरही ग्रंथ काढला. नावाच्या जोरावर वस्तू कशी खपते हे त्याला शिकवण्याची गरज नव्हती. १८५२ च्या बॉस्टन प्रदर्शनात परीक्षकांनी एकत्र बसून ‘ब्रह्मपुत्रा’ हेच नाव अधिकृत ठरवले, आणि १८५३ मध्ये ‘नॉर्दर्न फार्मर’ या नियतकालिकाचा प्रकाशक टी. बी. मायनर याने स्तंभातली जागा वाचवण्यासाठी ते छाटून ‘ब्रह्मा’ केले. ब्रह्मपुत्र म्हणजे ब्रह्मदेवाचा पुत्र. मायनरच्या कात्रीने पुत्र गेला आणि पिता उरला, आणि एका नदाचे नाव, ज्याला मराठीने आधीच ‘ब्रह्मपुत्रा’ करून नदी बनवले आहे, ते छापखान्याच्या सोयीसाठी देवाचे नाव झाले. 

पुढचा इतिहास सरळ आहे. राणीला गेलेल्या पक्ष्यांपासून इंग्लंडमध्ये गडद प्रकार सिद्ध झाला आणि तो अमेरिकेला परत निर्यात झाला. जातींची प्रमाण लक्षणे ठरवणाऱ्या १८७४ च्या अमेरिकन प्रमाणग्रंथात फिका व गडद हे दोन्ही प्रकार आले आणि १९२४ मध्ये पिवळसर बदामी प्रकाराची भर पडली. न्यू इंग्लंडच्या कडक हिवाळ्यात उंच एकेरी तुरे हिमदंशाने काळे पडून झडत, तेथे ब्रह्माचा बुटका तुरा शाबूत राही, यामुळे मांसासाठी पाळणाऱ्यांनीही तिला जवळ केले. वायनडॉट आणि फ्रान्सची फावरोल या जातींत तिचे रक्त गेले. प्रदर्शनवाल्यांचे वाद मात्र थांबले नाहीत. गुडघ्यामागे ताठ, गिधाडासारखी लांब पिसे असावीत की नसावीत, यावर त्यांनी तुऱ्यापेक्षाही अधिक शाई खर्च केली आणि अखेर अमेरिकन प्रमाणग्रंथाने तशी पिसे अपात्र ठरवली. पायांची पिसे तुटू नयेत म्हणून अशा पक्ष्यांना कोरड्या वाळूवर किंवा भुशावर ठेवावे लागते, आणि पिंजऱ्यात मांडण्यापूर्वी पांढरे अंग धुऊन वाळवावे लागते.

अलीकडे भारतात, महाराष्ट्रातही, हौशी पाळणारे ब्रह्मा विकत घेऊ लागले आहेत. २०१७ मध्ये कोसोव्होतील एका अवाढव्य ब्रह्मा कोंबड्याची चित्रफीत जगभर फिरल्यावर या जातीचे कुतूहल वाढले, आणि येथील खरेदीत वजन आणि पायांची पिसे हीच पारख होऊन बसली. कोचीनच्या संकराची पिल्लेही थोराड आणि पिसेदार पायांचीच असतात, म्हणून त्या दोन लक्षणांवर ब्रह्मा ओळखता येत नाही. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोंबडी निवडताना तिच्या तुऱ्याच्या तीन ओळी बोटाने चाचपून पाहाव्यात. तेथे एकच उभी पाती लागली, तर तो पक्षी कितीही मोठा असला तरी प्रमाणग्रंथाच्या हिशेबी ब्रह्मा नव्हे.